'ऑल राइट नाऊ'च्या आधीचे फ्री : 'टन्स ऑफ सॉब्ज' कुणी ऐकलाय का?

गच्चीवरचा_अँप

२००३ ची गोष्ट. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर एकाकडेच चाळीस जीबीची हार्ड डिस्क होती आणि ती प्रसादासारखी खोलीखोलीत फिरायची. माझ्याकडे आली तेव्हा जागा करायची म्हणून फोल्डर उडवत बसलो होतो, त्यात एकाचं नाव 'फ्री'. म्हटलं असणार कसलंतरी फुकटातलं सॉफ्टवेअर. सिलेक्ट केलं, डिलीट दाबणार तेवढ्यात आत दहा एमपीथ्री दिसल्या. एक लावली. ती 'मूनशाइन' निघाली आणि माझी दुसऱ्या दिवशीची गणिताची परीक्षा तिथेच संपली.

फ्री हे ब्रिटिश बँडचं नाव आहे हे कळायला मला पुढे महिना लागला कारण इंटरनेट कॅफेत 'फ्री' आणि 'साँग्ज' टाकून सर्च केल्यावर काय काय उघडतं ते त्या काळातल्या लोकांना सांगायला नको. कॅफेवाला माझ्याकडे संशयाने बघायला लागला होता.

तर धागा त्यांच्या पहिल्या अल्बमबद्दल आहे, 'टन्स ऑफ सॉब्ज', मार्च १९६९. 'ऑल राइट नाऊ' सगळ्यांना माहीत असतं, जाहिरातीत ऐकलेलं असतं, कॉलेज बँडने वाजवलेलं असतं, आणि मग लोक म्हणतात हां तो एका गाण्याचा बँड. ते गाणं १९७० चं, तिसऱ्या अल्बममधलं. पहिल्या अल्बमला ब्रिटनच्या चार्टमध्ये जागाच मिळाली नाही आणि अमेरिकेत बिलबोर्डवर गेला तो १९७ नंबरपर्यंत. दोनशेच्या यादीत १९७. म्हणजे काठावर पास.

आता हे कोण होते ते बघा. गायक पॉल रॉजर्स, मिडल्सब्रो या पोलादाच्या आणि जहाजांच्या गावचा. गिटारवर पॉल कॉसॉफ, लंडनचा, नटाचा मुलगा. ड्रम्सवर सायमन कर्क. आणि बेसवर अँडी फ्रेझर. १९ एप्रिल १९६८ ला हे चौघं बॅटरसीच्या नॅग्ज हेड नावाच्या पबमध्ये पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसले, तेव्हा फ्रेझर पंधरा वर्षांचा होता. पंधरा! आणि त्याच्या आधी तो जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या नावाजलेल्या ब्लूज बँडमध्ये वाजवून आलेला होता. दहावीचं वय. रेकॉर्डिंग झालं त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी, तेव्हा फ्रेझर सोळा, कॉसॉफ अठरा, रॉजर्स एकोणीसच्या उंबरठ्यावर आणि सगळ्यात थोरला कर्क, तो एकोणीस. नाव ठेवलं अलेक्सिस कॉर्नरनी, ज्यांना सगळे ब्रिटिश ब्लूजचे वाडवडील मानतात.

अल्बम झाला लंडनच्या विल्सडनमधल्या मॉर्गन स्टुडिओत. खर्च साधारण ८०० पौंड, काम काही दिवसांत उरकलं, निर्माता गाय स्टीव्हन्स. हा माणूस एक स्वतंत्र धागा आहे, नंतर दहा वर्षांनी यानेच क्लॅश या पंक बँडचा 'लंडन कॉलिंग' अल्बम केला. त्याची पद्धत अशी की बँड स्टेजवर जसा वाजतो तसा वाजू द्यायचा, इस्त्री करायची नाही. म्हणून या रेकॉर्डला एक खोलीचा वास आहे. झांजा जरा जास्त चमकतात, गिटार एका बाजूने अंगावर येते, कुठे कुठे सगळे एकदमच जोर लावतात. पुढचे फ्री म्हणजे मोकळी जागा सोडून वाजवणारा बँड, दोन सुरांच्या मधली शांतता वाजवणारे. इथे ते अजून शिकलेले नाहीत. इथे सगळं भरून काढायचंय, हातात आहे नाही ते सगळं टाकायचंय, आणि मला तेच आवडतं.

फक्त 'मूनशाइन' वेगळं. पाच मिनिटांचं आहे, रॉजर्स आणि कॉसॉफचं. कबरस्तानात बसलाय माणूस आणि पहाटेची वाट बघतोय, एवढाच विषय. लय इतकी मागे ओढून धरलीय की प्रत्येक ठोक्याला वाटतं आता पुढचा पडतच नाही. आणि त्या पोकळीत कॉसॉफ एक सूर काढतो, तार वर खेचतो, आणि तिथे नेऊन तो सूर थरथरवतो. बस. पुढच्या तीन अल्बमचं बी या एका गाण्यात आहे असं माझं मत आहे, भांडायला तयार आहे.

कुणी ऐकलाय का? की मी एकटाच?

वायफळ_चर्चा

पहिला!

वाचतोय. नाव भारी आहे, टनावारी हुंदके. मार्केट यार्डात भाव काय चालू आहे?

निपाणीचा_नाना

अँप्या, एकटा नाहीस. माझ्याकडे २००१ ची रीमास्टर सीडी आहे, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये मिळालेली, ते दुकान बंद व्हायच्या बऱ्याच आधी. त्यात मूळ दहा गाण्यांनंतर बीबीसीची सेशन्स वगैरे जोडलीत, 'मूनशाइन'चाच वेगळ्या गायकीचा टेक आहे, तो ऐक. रॉजर्सने एकच गाणं दोनदा कसं वेगळं उचललंय ते कळतं.

'गोइंग डाउन स्लो'बद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस याचा निषेध. आठ मिनिटांच्या वर आहे ते, अल्बमचा पोटातला भाग तोच. गाणं सेंट लुई जिमी ऑडनचं, १९४१ चं. हाऊलिन वुल्फने १९६१ मध्ये गायलेलं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मरायला टेकलेला माणूस सांगतोय की माझी मजा करून झाली, आता बरा नाही झालो तरी तक्रार नाही, तेवढं आईला कळवा आणि माझ्या पापांची माफी मागायला सांगा. हे कोण गातंय तर अठरा वर्षांचं पोरगं! कसली मजा करून झाली रे तुझी, मिसरूड नीट फुटलेली नाही. पण गातो असा की तू हसूच शकत नाहीस. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं गायक चाळिशीचा असणार आणि दारू पिऊन घसा बसलेला असणार.

आबा_शनिवारपेठ

लेख बरा आहे पण अतिशयोक्ती फार. आमच्या कॉलेजच्या काळात, म्हणजे पंच्याहत्तर-शहात्तर साली, एका मित्राचा थोरला भाऊ आखातातून आला तेव्हा त्याच्या टेपवर 'ऑल राइट नाऊ' होतं. ते गाणं म्हणजे गाणं. चार माणसं, एक गिटार, मध्ये मोकळी हवा. तुमच्या शिफारशीवरून काल रात्री हा पहिला अल्बम फोनवर लावला. स्पष्ट बोलू का? गोंगाट. क्रीम बँडची नक्कल. आणि पहिलंच गाणं तर मधूनच सुरू झालं, सुरुवातच नाही त्याला, दोन मिनिटांत संपलं पण! त्यानंतर एकदम दुसरंच काहीतरी. निर्मात्याने इस्त्री केली नाही म्हणता, मला तर वाटतं कपडे धुतलेच नाहीत.

लहान वयात केलं म्हणून कौतुक ठीक आहे. पण कौतुक वयाचं की गाण्याचं?

चहा_कटिंग

आबा रॉक्स. शेवटचा प्रश्न +१

गच्चीवरचा_अँप

@आबा, प्रश्न रास्त आहे. वय बाजूला ठेवू. 'वॉक इन माय शॅडो' घ्या. त्यात फ्रेझरचा बेस ऐका, हेडफोन लावून, फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही त्यामुळे अर्धा बँड गायब होतो. नेहमीच्या ब्लूजमध्ये बेसवाला शिडी चढल्यासारखा वरखाली करत राहतो, हमालीच ती. फ्रेझर तसं करत नाही. गिटार बोलत असेल तर हा गप्प, गिटार श्वास घेते तेव्हा हा दोन शब्द बोलतो. क्रीममध्ये तिघंही एकाच वेळी बोलायचे (आणि ग्रेट बोलायचे, वाद नाही) पण इथे संवाद आहे. कच्चा आहे, एकमेकांचं वाक्य तोडतात मधेच, तरी संवादच.

क्रीमची नक्कल हे मला पटत नाही. क्रीम ऐकून मोठे झालेत हे पटतं. कॉसॉफ लहानपणी क्लासिकल गिटार शिकायचा, कंटाळून सोडून दिली होती. मग पुढे क्रीममध्ये गेलेल्या गिटारवाल्या क्लॅप्टनला मेयॉलबरोबर वाजवताना पाहिलं आणि परत गिटार धरली. म्हणजे कर्ज आहेच.

निपाणीचा_नाना

आणि त्या कर्जाची परतफेड पण झाली. १९६९ च्या उन्हाळ्यात फ्री अमेरिकेत ब्लाइंड फेथच्या आधी वाजवायला होते, ब्लाइंड फेथ म्हणजे क्लॅप्टनचाच बँड. तेव्हा क्लॅप्टन स्वतः कॉसॉफकडे गेला आणि तू तो व्हायब्रॅटो, म्हणजे सुराची ती थरथर, कशी काढतोस ते मला दाखव म्हणाला असं सांगतात. कॉसॉफला वाटलं चेष्टा करतोय. आपल्याकडे समजा कुणा नवख्या पोराला साक्षात गुरूचे गुरू येऊन विचारतायत, बाळ ती तान कशी घेतलीस.

मध्यम_षड्ज

नमस्कार. मी रॉकवाली नाही, पंधरा वर्षं किराणा घराण्याचं गाणं शिकतेय, भाच्याने लिंक पाठवली म्हणून आले. 'मूनशाइन' तीनदा ऐकलं. तो सूर थरथरवतो असं वर लिहिलंय त्याबद्दल बोलायचंय, कारण भाचा मला सांगत होता की आत्या हे बघ हे दरबारीच्या गंधारासारखं आंदोलन आहे.

नाहीये. दरबारीतलं आंदोलन संथ असतं, झोका असतो तो, आणि त्याचा रोख खालच्या सुराकडे असतो. हा मुलगा जे करतो ते खूप जलद आहे, तो कंप आहे, थंडीत हात थरथरतो तसा. पण त्याच्या आधी तो जे करतो ते मला फार ओळखीचं वाटलं. खालच्या सुरावरून तार ओढत वर जातो ना, ती सरळ सरळ मींड आहे, आणि ती मुक्कामावर अलगद पोचते, किंचित उशिरा पोचते. आमच्या गुरुजींनी या एका गोष्टीवर दोन वर्षं घालवली होती माझी.

दुसरं म्हणजे त्याचा गंधार धड कोमल नाही आणि धड शुद्ध नाही. आधी वाटलं बेसूर आहे. मग लक्षात आलं की प्रत्येक वेळी तो त्याच जागी लावतोय. बेसूर माणूस रोज वेगळ्या ठिकाणी चुकतो.

गच्चीवरचा_अँप

दंडवत घ्या _/\_

शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. तो मधला गंधारच ब्लूजचा सगळा कारभार चालवतो, त्याला ब्लू नोट म्हणतात. पियानोवर तो मिळत नाही कारण दोन पट्ट्यांच्या मधे पट्टी नसते, म्हणून पियानोवाले शेजारचे दोन्ही सूर एकदम घासून वाजवतात. गिटारवर तार ओढून मिळतो, गळ्यात तर मिळतोच.

आणि हो, या अल्बमवर पियानो पण आहे, स्टीव्ह मिलरचा.

तारसप्तक_लेस_पॉल

थांबा थांबा, 'द जोकर'वाला स्टीव्ह मिलर? अमेरिकन?

निपाणीचा_नाना

नाही रे बाबा. हा इंग्लिश पियानिस्ट, डिलिव्हरी नावाच्या बँडचा. ही गफलत दर दोन वर्षांनी कुणीतरी करतंच. मीही केली होती, आणि पैज लावून केली होती, मिसळ गेली माझी.

तारसप्तक_लेस_पॉल

ओके मिसळ वाचली माझी. आता माझे दोन पैसे, मी पुण्यात मुलांना गिटार शिकवतो.

प्रत्येक बॅचला एक पोरगं असतं ज्याला पहिल्या महिन्यात फास्ट वाजवायचं असतं. त्याला मी 'द हंटर'चा सोलो देतो, यातलाच, चार मिनिटांचं गाणं आहे. तो म्हणतो सर हे तर सोपं आहे, सूर मोजकेच आहेत, पंधरा मिनिटांत पाठ करून येतो. मग मी म्हणतो आता त्याच्यासारखं वाजव. आणि मग ते पोरगं सहा महिने तिथेच. कारण कॉसॉफचा व्हायब्रॅटो बोटातून येत नाही, मनगटातून येतो. दाराची कडी फिरवतो ना आपण तसं मनगट फिरतं आणि बोट नुसतं तारेला धरून असतं. तार लेस पॉल गिटारची, पुढे मार्शल अँप फुल्ल. मोठा आवाज लागतोच कारण सूर लांबायला पाहिजे, लांबलाच नाही तर थरथरवणार काय? घरी हळू आवाजात हे जमत नाही आणि मोठ्या आवाजात केलं की खालचे काका वर येतात. माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेला अजून घट्टा आहे.

बाय द वे, 'द हंटर' त्यांचं नाही. अल्बर्ट किंगने गायलेलं, 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' अल्बमवर, १९६७, मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं, लिहिलं तिथल्याच बुकर टी अँड द एमजीज या बँडच्या लोकांनी. आणि याच गाण्याचा तुकडा लेड झेपेलिनने पण पहिल्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात घुसवलाय, जानेवारी १९६९. म्हणजे दोन महिन्यांच्या अंतराने दोन ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमवर एकच शिकारी. एक बँड जगात गेला आणि एक १९७ नंबरला.

चहा_कटिंग

झेपेलिनचं व्हर्जन जास्त भारी आहे, सॉरी.

तारसप्तक_लेस_पॉल

झेपेलिनचं व्हर्जनच नाहीये, गाणं चालू असताना मधेच चार ओळी म्हटल्यात. इथे अख्खं गाणं आहे. स्टेजवर ते रोज वाजवायचेच, पण अल्बमवर घ्यायला गाय स्टीव्हन्सने आग्रह धरला. बरं केलं. रॉजर्स ते शिकाऱ्याच्या माजाने गातो, अल्बर्ट किंग हसत हसत गातो. दोन्ही ऐका, एकामागोमाग एक, मग बोला.

सई_नीस्डनकर

मी लंडनला असते, नीस्डनजवळ, गेली अकरा वर्षं. हा धागा वाचून दचकलेच कारण विल्सडन हाय रोड म्हणजे माझा रोजचा बसचा रस्ता! मॉर्गन स्टुडिओ याच रस्त्यावर होता हे मला आज कळतंय. नीस्डनच्या मोठ्या स्वामीनारायण मंदिरात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन कितीतरी वेळा गेलेय, तिथून फार लांब नाही हे. पाहुण्यांना दाखवायला माझ्याकडे आता अजून एक जागा झाली, फक्त कुणी बघायला तयार होणार नाही :)

काल कामावरून येताना बसमध्ये अल्बम लावला. बाहेर पाऊस, खिडकीवर वाफ, दुकानांच्या पाट्या अर्ध्या गुजराती अर्ध्या पोलिश. 'मूनशाइन' चालू असताना वाटलं की १९६८ च्या हिवाळ्यात ही पोरं याच रस्त्याने गिटारी घेऊन गेली असणार, बोटं गारठलेली असणार. इथे डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो, त्यामुळे कबरस्तान वगैरे सुचायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

अजून एक. कॉसॉफचं स्मृतिस्थळ गोल्डर्स ग्रीनच्या दहनभूमीत आहे, तेही माझ्यापासून जवळच. तिथल्या पाटीवर फक्त 'ऑल राइट नाऊ' एवढंच कोरलंय म्हणतात, जाऊन बघेन एकदा.

मध्यम_षड्ज

अरे तो गेला? कधी? मी तर त्याच्या मींडेच्या प्रेमात पडून बसले होते.

निपाणीचा_नाना

१९ मार्च १९७६. लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात, झोपेत. पंचवीस वर्षांचा होता. ड्रग्जने शरीर आधीच पोखरलेलं.

त्याचे वडील डेव्हिड कॉसॉफ, मोठे नट. ब्रिटनमध्ये ते बायबलमधल्या गोष्टी रेडिओ-टीव्हीवर सांगायचे, लोक त्यांना त्यासाठीच ओळखायचे. आपल्याकडचे आख्यान लावणारे कीर्तनकार डोळ्यांसमोर आणा, साधारण तसं. मुलगा गेल्यावर त्यांनी मुलाच्या नावाने संस्था काढली आणि रंगमंचावर एकटे उभे राहून मुलगा कसा गेला त्याची गोष्ट सांगायला लागले, पोरांना ड्रग्जपासून लांब ठेवण्यासाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि मग ही सांगायची वेळ आली. मी हे वाचल्यानंतर 'गोइंग डाउन स्लो' महिनाभर लावलं नव्हतं. त्या गाण्यात निरोप आईला पाठवलाय, इकडे सांगत बसायची पाळी बापावर.

मध्यम_षड्ज

...

वायफळ_चर्चा

वातावरण हलकं करतो. यादीत 'वाइल्ड इंडियन वुमन' असं एक गाणं दिसतंय. आपली का? कोल्हापूरची असणार.

गच्चीवरचा_अँप

आपली नाही. गाण्यात घोडे आहेत, पिसं आहेत, म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. आणि तेही खरे नव्हेत, इंग्लंडमधल्या पोरांनी सिनेमात बघितलेले. शब्द आज वाचले तर डोक्याला हात लावाल, अख्ख्या अल्बमवर शब्दांच्या बाबतीत मी गप्पच बसतो. 'स्वीट टूथ' पण तसंच. पण 'वाइल्ड इंडियन वुमन'ची चाल डोक्यात अडकते आणि मग दिवसभर भाजी निवडतानाही निघत नाही, अनुभव आहे.

अजून एक गंमत राहिलीच. कंपनीला म्हणजे आयलंडच्या ख्रिस ब्लॅकवेलला 'फ्री' हे नाव आवडलं नव्हतं, त्याला बँडचं नाव 'हेवी मेटल किड्स' ठेवायचं होतं. पोरांनी ठामपणे नाही सांगितलं, आणि ते फोनवर सांगणारा फ्रेझर होता असं म्हणतात. म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला सोळा वर्षांचं पोरगं सांगतंय, नाव बदलणार नाही, बघा तुम्हाला जमतंय का. मी सोळाव्या वर्षी क्लासच्या सरांना फॅन लावू का विचारायला घाबरायचो.

तारसप्तक_लेस_पॉल

सोळा-अठराचा विषय निघालाच आहे तर, या रेकॉर्डचा साउंड इंजिनिअर अँडी जॉन्स, तोही तेव्हा अठराचाच! पुढे यानेच झेपेलिनच्या चौथ्या अल्बमला ड्रम्स जिन्याच्या हॉलमध्ये ठेवून वरून माइक सोडले होते. म्हणजे काचेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे पोरंच. गाय स्टीव्हन्स तेवढा मोठा, आणि त्याची ख्याती अशी की खोलीतला सगळ्यात अवखळ पोरगा तोच असायचा.

आबा, आता गोंगाट का आहे ते लक्षात आलं का? घरात मोठं माणूस कुणी नव्हतंच.

आबा_शनिवारपेठ

कारण कळलं म्हणून गोंगाटाचं संगीत होत नाही. पण षड्जताईंनी मींडेचं लिहिलंय ते वाचून मी 'मूनशाइन' पुन्हा लावलं, नातवाचे हेडफोन घेऊन. बेस आहे खरा. काल तो नव्हता! आणि हे गाणं चांगलं आहे, मान्य करतो, लेखी. बाकी अल्बमबद्दल माझं मत कायम. विशेषतः ती सुरुवात. एखादा माणूस आपला पहिला अल्बम अशा अर्धवट तुकड्याने कसा सुरू करेल? मला कळेल असं कुणीतरी सांगा.

निपाणीचा_नाना

आबा, अर्धवट आहेच तो, मुद्दाम. 'ओव्हर द ग्रीन हिल्स' नावाचं एक शांत गाणं होतं, ते गाय स्टीव्हन्सने कापलं आणि पहिला तुकडा अल्बमच्या सुरुवातीला आणि दुसरा अगदी शेवटी ठेवला. पहिला तुकडा मिनिटभराचाही नाही. हिरव्या टेकड्या, निवांत गिटार, आणि तुम्ही म्हणताय हां छान तोच 'वरी' अंगावर येतं. मग मधली आठ गाणी वादळ, आणि शेवटी परत त्याच टेकड्यांवर आणून सोडलंय. सलग पूर्ण गाणं थेट २००० च्या 'साँग्ज ऑफ यस्टरडे' या बॉक्स सेटमध्ये बाहेर आलं, म्हणजे एकतीस वर्षांनी.

पण तुम्ही वर लिहिलंय दोन मिनिटांत संपलं. पहिला तुकडा दोन मिनिटांचा नाहीच.

गच्चीवरचा_अँप

दोन मिनिटांचा दुसरा तुकडा आहे. शेवटचा.

आबा, एक विचारू का, रागावू नका. तुमच्या फोनवर खाली दोन बाण एकमेकांत गुंतलेले असतात, ते हिरवे दिसतायत का?

आबा_शनिवारपेठ

दिसतायत. त्याचं काय?

वायफळ_चर्चा

हाहाहाहा शफल!!! आबांनी अल्बम शेवटाकडून ऐकलाय. धाग्याचे पैसे वसूल.

चहा_कटिंग

मी चहा कीबोर्डवर सांडला

सई_नीस्डनकर

आबा काळजी करू नका, माझे सासरे वर्षभर गीतरामायण असंच ऐकत होते. आधी रावणवध, मग रामजन्म. त्यांनाही वाटायचं गदिमांनी काहीतरी वेगळा विचार केला असेल.

आबा_शनिवारपेठ

हसा. आमच्या टेपला असले बाण नव्हते. एक बाजू संपली की खटका पडायचा, उठून कॅसेट उलटी करायची.

बाण बंद केलेत. नातू म्हणतोय आता सरळ वाजेल. हेडफोन त्याला आठ वाजता परत द्यायचे आहेत, सदतीस-अडतीस मिनिटं आहेत एकूण, बसतंय. मधे कुणी प्रतिसाद लिहू नका, फोन टिंगटिंग करतो.

निपाणीचा_नाना

आबा ऐकून झाल्यावर याच्यापुढचा ऐका, नाव नुसतं 'फ्री', ऑक्टोबर १९६९ चा. त्यात तुमची मोकळी हवा सुरू

आबा_शनिवारपेठ

नाना!! टिंग वाजलं. 'वरी' चालू झालं होतं. परत पहिल्यापासून लावतोय.